भरती बघून महाडला यावं

मुंबईहून महाबळेश्वरला जायला रस्ता आणि रेल्वे यांची आजच्यासारखी सोय नव्हती, तेव्हा अनेक प्रवासी समुद्रावरून महाडमार्गे जात. बाणकोटच्या मुखातून बोट सावित्रीच्या खाडीत शिरे आणि भरतीच्या पाण्यावर दासगावपर्यंत येई. पुढे महाड, पोलादपूर आणि मग घाट. आज आंबेनळी म्हणून ओळखला जाणारा हा घाट इंग्रजी अमदानीत गव्हर्नर फिट्झजेराल्डच्या नावाने बांधला गेला. बाणकोट आणि दासगाव इंग्रजांनी 1756 मध्येच पेशव्यांकडून पदरात पाडून घेतलं होतं. समुद्रापासून इतक्या आत असलेलं दासगाव त्यांना हवं होतं, कारण भरतीचं पाणी तिथवर मोठं गलबत आणून सोडत होतं.

त्या प्रवाशाला दोन गोष्टी पाहूनच निघावं लागे. एक, आज भरती किती वाजता आहे. दुसरी, पाऊस संपून बोटी सुरू झाल्या आहेत का, कारण पावसाळ्यात किनाऱ्यावरची वाहतूक बंदच असे. आज महामार्गाने येणाऱ्याला यातलं काहीच विचारावं लागत नाही. म्हणूनच महाड-पोलादपूरला कधी यावं, हा प्रश्न मला नव्याने मांडावासा वाटतो. समुद्र इथून दिसत नाही, तरी महाड हे पाण्याकाठचं शहर आहे आणि इथलं वर्ष पाणीच ठरवतं.

सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर, तेराशे मीटरहून अधिक उंचीवर उगम पावते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. ते पाणी पोलादपुरापर्यंत जवळजवळ सरळ खाली उतरतं आणि महाडजवळ नदी अचानक संथ होते. काळ आणि गांधारी या नद्याही याच परिसरात तिला मिळतात. खालून मात्र दिवसातून दोनदा समुद्र वर चढत असतो. घाटात धो धो पाऊस आणि खाडीला भरती अशी गाठ पडली की नदीला खाली जायला वाट उरत नाही, आणि पाणी बाजारपेठेत शिरतं. नदीने 6.50 मीटरची धोका पातळी गाठली की शहरात भोंगा वाजतो. दुकानदार माल माळ्यावर चढवतात, गाड्या उंचावर नेऊन लावतात. हे सगळं इतक्या सरावाने होतं की पाहणाऱ्याला वाईट वाटावं.

कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी, म्हणजे उधाण. महाड खाडीत आत असल्याने तिथे पाणी किनाऱ्यापेक्षा उशिरा चढतं. हा हिशेब घेऊन मी मोठ्या आपत्तींच्या तारखा पंचांगाशी लावून पाहिल्या. 22 जुलै 2021, ज्या दिवशी महाड बुडालं आणि तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. 2 ऑगस्ट 2016, ज्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल दोन एसटी बसगाड्यांसह वाहून गेला, ती आषाढी अमावास्येची रात्र होती. पूल भरतीने पाडला असं मी म्हणत नाही. तो वरून आलेल्या लोंढ्याने गेला. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे दरडी आल्या, तेव्हा तर पौर्णिमा उलटून गेली होती. डोंगर उधाणाची वाट पाहत नाही. पण पुराचं पाणी शहरात किती वेळ तुंबून राहणार, हे बरंचसं भरती ठरवते, आणि एवढं पंचांग कुठल्याही पाहुण्याला वाचता येतं.

तरीही गर्दी जुलैमध्येच होते. रायगडाच्या रस्त्यावरचे धबधबे, शिवथरघळ, कुडपणचा धबधबा, वरंधा घाटातलं धुकं हे सगळं खरंच सुंदर आहे. शिवथरघळीवर पावसाळ्यात धबधब्याचा पडदा पडतो आणि आत बसलेल्याला बाहेरचं जग फक्त आवाजाने कळतं. समर्थ रामदासांनी दासबोध जिथे सांगितला ती हीच घळ, हे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 मध्ये शोधून काढलं. तिथे जाऊ नका असं कोण म्हणेल? पण 2024 च्या जुलैत रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोट आला आणि कठडे धरून उभ्या राहिलेल्या माणसांची दृश्यं साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. वरंधा घाट दर पावसाळ्यात वाहतुकीला बंद करावा लागतो. आंबेनळीत 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली आणि तीस माणसं प्राणाला मुकली. इतकं झाल्यावरही आपण जुलैलाच इथला हंगाम म्हणतो, हे मला पटत नाही. ज्या वाड्यांतल्या लोकांना जोराच्या पावसात शाळेत किंवा समाजमंदिरात रात्र काढावी लागते, त्यांच्या डोक्यावरच्या डोंगराला आपण सहलीचं ठिकाण करून टाकलं आहे.

माझ्या मते इथला खरा हंगाम गौरी-गणपतीनंतर सुरू होतो. मुंबईचे चाकरमानी परतलेले असतात, भात पोटरीतून बाहेर आलेलं असतं, उतारावरच्या नाचणी-वरीला रंग चढतो आणि ओढ्यांचं पाणी निवळतं. धबधबे आटलेले नसतात, दरडीची भीती मात्र ओसरलेली असते.

याच दिवसांत वाळणकोंड पाहावी. महाडहून बिरवाडीच्या बाजूला गेलं की काळ नदीच्या खडकाळ पात्रात हा खोल डोह आहे. काठावर वरदायिनीचं स्थान, वरून झुलता पूल. डोहातले मासे देवीचे, म्हणून त्यांना कोणी धरत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात काही दिसत नाही. आश्विनात पाणी हिरवट, स्वच्छ होतं. खडकावर बसून मूठभर कुरमुरे टाकले की आधी बोटाएवढी पिल्लं येतात, कुरमुरा ढकलत, एकमेकांना हुसकत. मग खालून सावल्यांसारखे काळपट मोठे मासे वर येतात, आणि क्षणभर जाड खवल्यांची पाठ, तांबूस झाक असलेले पर आणि पुढे आलेले जाड ओठ स्पष्ट दिसतात. हा महाशीर. धरणं, बेसुमार मासेमारी आणि सुरुंग लावून मासे मारण्याची पद्धत यांमुळे सह्याद्रीच्या अनेक नद्यांतून तो कमी होत गेला. इथे श्रद्धेने तो राखला. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांची वलगण पकडायला कोकणात सगळीकडे झुंबड उडते. ते मासे अंड्यांवर आलेले असतात हे माहीत असूनही. त्या मोहापुढे एका डोहाभोवती गावाने घातलेलं हे बंधन मला फार मोलाचं वाटतं. पाहुण्याने काठावर प्लास्टिक टाकू नये आणि डोहात उतरू नये, इतकं तरी पाळावं.

थंडीत नदीची दुसरी बाजू दिसते. सकाळी ऊन वर आलं की सावित्रीच्या चिखलकाठावर मगरी अंग शेकायला येतात. काठावरून, लांबून, दुर्बिणीने पाहाव्यात. सव गावात नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. महामार्गालगतची गांधारपाले लेणी तर हजारो लोक गाडीतूनच बघतात आणि पुढे जातात. तीसच्या आसपास बौद्ध लेण्यांचा हा समूह आहे. एका लेण्यातल्या ब्राह्मी लेखात विष्णुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची नोंद आहे: लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या, आणि त्याबरोबर पाण्याची टाकी. जवळच नदी असताना दात्याने पाण्याची टाकी आवर्जून नोंदवली. आटणाऱ्या उन्हाळ्याची त्यालाही जाण असणार.

फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांच्या स्मृतिदिनाला पोलादपूर तालुक्यातलं उमरठ माणसांनी भरतं. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडात वीरेश्वराचा छबिना निघतो, आसपासच्या गावांच्या देवदेवता रात्री भेटीला येतात, विन्हेऱ्याची झोलाईही येते. ज्यांना गावाचं गावपण पाहायचं आहे त्यांनी ही रात्र चुकवू नये.

आणि 20 मार्च. 1927 मध्ये याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव 1923 मध्ये झाला होता आणि महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं. कागदावर मोकळं झालेलं पाणी प्रत्यक्षात मात्र मिळत नव्हतं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला इथे मनुस्मृतीचं दहन झालं. न्यायालयातला निर्णायक निकाल यायला 1937 उजाडलं. आजही मार्चच्या उन्हात दूरदूरहून लोक येतात, लेकरांना खांद्यावर घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतरतात. पर्यटनाच्या पत्रकांत या दिवसाला एखादी ओळ मिळते. पाण्यासाठी महाडला येणाऱ्यांत सर्वांत मोठ्या हेतूने येणारी माणसं हीच आहेत, आणि तालुक्याची सोय-व्यवस्था आधी त्यांच्यासाठी असायला हवी: सावली, स्वच्छतागृहं, प्यायचं पाणी.

त्यानंतरचा उन्हाळा कोणी दाखवत नाही. जुलैत घरांवर कोसळणारं पाणी उतारावरून थेट खाडीला मिळतं आणि एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत टँकर फिरू लागतात. बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. त्याच सुमारास, 6 जूनच्या शिवराज्याभिषेकाला आणि पुन्हा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, रायगडावर अलोट गर्दी होते. 1674 मध्ये राजधानी वसवणाऱ्यांनी माथ्यावर गंगासागर, कुशावर्त अशी तळी राखली होती, कारण गडावर पाऊस पडतो पण आपोआप राहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मे-जूनमध्ये येणाऱ्याने प्यायचं पाणी आपल्या घरून भरून आणावं, वाडीतल्या हंड्यातून मागू नये. आणि मुक्कामाला, जेवणाला पैसे मोजायचे असतील तर ते त्याच वाडीत मोजावेत.