हवेचा आकडा सरासरी नव्हे

मिरजेत मोबाईलवर हवेचा आकडा १२० दिसला की कुणी त्याला टक्के समजतो, कुणी सगळ्या प्रदूषकांची सरासरी. दोन्ही नाही. हा आकडा म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक (हवा आरोग्याला किती बाधक, हे सांगणारी ० ते ५०० ही मोजपट्टी); तो भारतात २०१५ पासून वापरात आहे. आठ प्रदूषकांपैकी जे मोजले असतील त्यांचा वेगवेगळा उपनिर्देशांक काढतात आणि सर्वांत वाईट तोच जाहीर होतो. बाकी विषयांत नव्वद असले तरी गणितात नापास म्हणजे नापासच, तसे.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या (२०१९) शहरांच्या यादीत मिरजेशेजारच्या सांगलीचे नाव आहे. म्हणून मिरजेच्या शाळांनी धूलिकण मोजणारे स्वस्त सेन्सर जरूर लावावेत. पण ते क्षणाचा आकडा दाखवतात, तर धूलिकणांचा उपनिर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर निघतो. म्हणून मुलांनी प्रत्येक नोंदीशेजारी वेळ आणि जागा लिहावी.