आधी ग्राइंडर, मग बाकी सारं

इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही मोठ्या दुकानात एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो '१५ बार'. शेजारच्या खोक्यावर १९, त्याच्या पलीकडे २०. विक्रेताही तिथूनच सुरुवात करतो. प्रत्यक्षात एस्प्रेसो उतरते ती ९ बारच्या आसपास. १५ किंवा २० हा आतल्या छोट्या पंपाच्या कमाल ताकदीचा आकडा. चांगल्या मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारी झडप असते, त्यामुळे कॉफीच्या पुडीपर्यंत हवा तेवढाच दाब पोचतो. म्हणजे गिऱ्हाइकाला आधी दाखवला जाणारा आकडा निवडीच्या कामी सर्वांत कमी येतो. पाहायची वस्तू असते बीन्सच्या पारदर्शक डब्याखाली: ग्राइंडर.

इतिहास दोन-चार ओळींत आटोपता येतो. इटलीत तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दोने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये त्या कल्पनेला नवं रूप दिलं आणि देसिदेरिओ पावोनीने ते बाजारात आणलं. ही सगळी वाफेची यंत्रं, दाब जेमतेम. आकिले गाज्जाने १९३८ मध्ये पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर त्याचं दांड्याचं यंत्र आलं, तेव्हा कपावर तो सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. १९६१ च्या 'फाएमा ई ६१' ने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला.

महाराष्ट्राची या यंत्राशी ओळख मात्र लग्नाच्या मांडवात झाली. जेवणाच्या पंगतीपासून थोडं दूर टेबलावर चकाकणारं बॉयलर, त्याच्या नळीखाली स्टीलचं भांडं, फुसफुसणारी वाफ आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरलेला गोड कप. हिवाळ्यातल्या रिसेप्शनला त्या टेबलाभोवतीची गर्दी कधी हटत नसे. त्या भांड्यात असायचं दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी. वाफ दुधाला तापवायची आणि फेसाळवायची. दळलेल्या कॉफीतून दाबाने पाणी जाण्याचा भाग त्यात नव्हताच. ती कॉफी मस्तच लागायची, पण घरी तशीच हवी असेल तर ग्राइंडरवाल्या मशीनवर खर्च करायची गरज नाही. दुधाचा फ्रॉदर आणि इन्स्टंटची बरणी पुरते.

ज्याला खरी एस्प्रेसो हवी, त्याच्यापुढे ग्राइंडर आणि फ्रॉदर पोटात असलेली दोन तऱ्हेची मशीन येतात. पहिल्या तऱ्हेत पूड दांडी असलेल्या गाळणीत घ्यायची, दाबून बसवायची, मशीनला लावायची आणि दूध वाफेच्या नळीखाली स्वतः फेसाळायचं. ऑस्ट्रेलियन ब्रेव्हिलचं 'बरिस्टा एक्स्प्रेस' (ब्रिटन-युरोपात हीच कंपनी 'सेज' नावाने विकते) आणि इटालियन डेलॉन्गीचं 'ला स्पेशालिस्टा' ही त्यातली ठळक नावं. दुसरी तऱ्हा पूर्ण स्वयंचलित: बटण दाबलं की दळणं, दाबणं, गाळणं, चोथा टाकणं सगळं आतच. फिलिप्सची 'लात्तेगो' मालिका, डेलॉन्गीची 'मॅग्निफिका', स्विस 'युरा' ही या घराण्यातली. पहिल्या तऱ्हेत कष्ट जास्त आणि कप उत्तम निघण्याची शक्यताही जास्त. दुसरीत रोज सकाळी सारखाच, बरा कप मिळतो. घरात कॉफी करणारं माणूस एकच हौशी असेल तर पहिली घ्यावी. सासूबाईंपासून शाळकरी मुलापर्यंत सगळेच बटण दाबणार असतील तर दुसरी.

आता ग्राइंडर.

एस्प्रेसोचं ढोबळ गणित सोपं आहे. १८ ग्रॅम पूड, त्यातून ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, पाणी ९० ते ९६ अंश सेल्सिअस. यातलं वजन काट्यावर मोजता येतं, तापमान मशीन सांभाळतं. वेळ ठरते ती दळणावर. पूड जाड राहिली तर पाणी दहा-बारा सेकंदांत धावत निघून जातं आणि कप आंबट, पाणचट होतो. फार बारीक झाली तर थेंब थेंब गळत कडवट काळा अर्क येतो. ग्राइंडरची चकती एका खुणेने फिरवली की हा वेळ काही सेकंदांनी सरकतो. इतकी नाजूक गोष्ट असल्यामुळेच बाजारातून दळून आणलेल्या पुडीवर चांगली एस्प्रेसो जमत नाही. ती पूड दुसऱ्याच कुणाच्या मशीनच्या अंदाजाने दळलेली असते, आणि दळल्यापासून तिचा वासही उडू लागलेला असतो.

मिक्सरचं पातं कॉफीची बी फोडतं, दळत नाही. त्यात धूळ आणि कण्या एकत्र निघतात, आणि दाबाखालचं पाणी कण्यांमधली सोपी वाट शोधून निसटतं. चांगला ग्राइंडर म्हणजे जातंच: दोन दातेरी कड्या, एक स्थिर, एक फिरती, आणि त्यांच्यातलं अंतर ठरवेल तसं दळण. या कड्यांना 'बर' म्हणतात. जातं बोथट झालं की दारावर आलेल्या टाकाऱ्याकडून टाकवून घेत. बोथट झालेले बर बदलावेच लागतात. म्हणून खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारावा की या मॉडेलचे बर सुटे मिळतात का, आणि भारतात मिळतात का.

दुसरा प्रश्न खुणांचा. 'बरिस्टा एक्स्प्रेस'वर बाहेर दळणाच्या १६ खुणा आहेत. शिवाय आतला वरचा बर काढून वेगळा फिरवता येतो आणि त्याला आणखी १० स्थानं आहेत. अगदी ताज्या, हलक्या भाजलेल्या बियांना बाहेरची सर्वांत बारीक खूणही पुरेनाशी झाली की हा आतला बर कामी येतो. अनेक मालकांना त्याची कल्पनाच नसते आणि ते मशीनला दोष देत बसतात. त्याच घराण्यातल्या 'बरिस्टा प्रो'वर ३० खुणा आहेत, तर 'ला स्पेशालिस्टा आर्ते'वर ८. प्रस्तुत लेखकाच्या मते दांडीच्या मशीनला ८ खुणा तोकड्या पडतात, कारण दोन खुणांच्या मधली जागा हवी असते तेव्हा पुडीचं वजन कमीजास्त करत बसावं लागतं. स्वयंचलित मशीनमध्ये आतली यंत्रणा दळणातला फरक बराच पोटात घेते, त्यामुळे लात्तेगोच्या १२ खुणा तिथे पुरतात. अशा मशीनची दळणाची चकती ग्राइंडर चालू असतानाच फिरवायची असते. बंद असताना जोर लावला तर नुकसान ठरलेलं.

दांडीच्या मशीनबरोबर बऱ्याचदा दोन प्रकारच्या गाळण्या येतात. दुहेरी तळाच्या गाळणीला खाली एकच बारीक छिद्र असतं. ती कृत्रिम दाब तयार करून वाईट दळणातूनही फेस काढून दाखवते. दुकानातल्या प्रात्यक्षिकात बहुधा हीच लावलेली असते. ग्राइंडरची परीक्षा घ्यायची तर एकेरी तळाच्या गाळणीचा आग्रह धरावा.

चक्की कितीही चांगली असली तरी तिच्यात पडतं काय, हे पाहावंच लागतं. चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांतून फिरताना मराठी पर्यटक कॉफीची पाकिटं पिशव्या भरून आणतात. त्यातली चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी या मशीनसाठी नसते. हवी ती सबंध बी, भाजल्याची तारीख छापलेली, भाजल्यापासून आठवडा ते महिनाभरातली. तेलाने चमकणारी काळीकुट्ट बी अंगभूत ग्राइंडरला चिकटते आणि डब्यातून खाली सरकत नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी साधारण ७० टक्के रोबस्टा जातीची असते, आणि भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक देश इटली आहे. मिश्रणातली रोबस्टा दाट क्रेमा देते, म्हणून इटालियन भाजणीवाल्यांना ती हवी असते. मिलानच्या कपातला फेस कोडगूच्या बियांचा असू शकतो, तर मग ठाण्याच्या किंवा कोल्हापूरच्या घरात आयात पाकिटाचा हट्ट कशाला? कर्नाटकातल्या ताज्या बियांनी सुरुवात करावी, हे उत्तम.

आपल्या पावसाळ्याचा विचार परदेशी पुस्तिकांत नसतो. कॉफी हवेतली ओल शोषते. मे महिन्यात बरोबर बसलेलं दळण जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत बिनसतं, कप वेगळाच उतरतो आणि खूण पुन्हा बसवावी लागते. डबा २५० ग्रॅमचा आहे म्हणून पूर्ण भरू नये, दिवसाला लागतील तेवढ्याच बिया घालाव्यात. १८ ग्रॅमच्या हिशोबाने पाव किलोत १३ डबल कप होतात. दोघांनी रोज एकेक घेतला तर पाकीट आठवडाभरही पुरत नाही. हा खर्च मशीनच्या किमतीइतकाच गंभीरपणे धरावा.

दुधाचा भाग सोपा वाटतो आणि तिथेच मशीन बंद पडतात. पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या कार्यशाळेत उघडून ठेवलेली मशीन पाहिली की दोनच दुखणी पुन्हा पुन्हा दिसतात: चुन्याचा थर आणि वाळलेलं दूध. वाफेची नळी प्रत्येक वापरानंतर पुसावी आणि क्षणभर वाफ सोडून मोकळी करावी. स्वयंचलित मशीनच्या दुधाच्या भांड्यात नळ्या असतील तर त्या रोज धुवाव्या लागतात. लात्तेगोचं भांडं दोन तुकड्यांचं, बिननळ्यांचं आहे आणि नळाखाली मिनिटात साफ होतं. हा त्याचा फार मोठा गुण.

फेस धरतात दुधातली प्रथिनं, स्निग्धांश तोंडात मऊपणा देतो. ३ टक्के स्निग्धांशाचं टोन्ड आणि ६ टक्क्यांचं फुल क्रीम, दोन्ही चालतात. दूध पाश्चराइज्ड पिशवीतलं, फ्रिजमधून काढलेलं थंड असावं. तापवून ठेवलेल्या दुधातली साय बारीक नळ्यांत अडकते. फेसाळताना ६०-६५ अंशांना थांबावं. कडकडीत प्यायची सवय असेल तर कप आधी गरम पाण्याने तापवावा, दूध उकळवू नये.

चुन्याचं कारण पाणी. बोअरवेल आणि टँकरचं जड पाणी बॉयलरची वाट लावतं, तर आरओचं फार हलकं पाणी कॉफीची चव उतरवतं. १५० च्या आसपास टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, हा जगभर मानला जाणारा मध्य आहे. घरच्या शुद्धीकरण यंत्रावर तो आकडा जुळवून घेता येतो. डेलॉन्गी आणि फिलिप्सच्या स्वयंचलित मशीनमधला गाळणीचा आतला भाग बाहेर काढून धुता येतो, युराचा गिऱ्हाइकाला काढता येत नाही, तो गोळ्या टाकून साफ करायचा असतो. दमट हवेत पहिली सोय जास्त भरवशाची.

विजेचा मुद्दा न्यू जर्सीत भाऊ किंवा मुलगी असलेल्या घरांसाठी. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतं, आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जड ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि या मशीनचा कंपन पंप हर्ट्झच्या तालावर चालतो. आणवायचंच असेल तर लंडन किंवा दुबईहून आणवावं. तरीही वॉरंटी बहुधा त्या देशापुरतीच असते. १५०० वॅटचं मशीन साडेसहा अँपिअर ओढतं, म्हणून ओट्याजवळ १६ अँपिअरचा मोठा प्लग हवा. बिया वरून ओतायच्या असल्याने वरच्या कपाटापर्यंतचं अंतरही मोजून घ्यावं.

अंगभूत ग्राइंडर बिघडला की सगळं मशीनच दुरुस्तीला जातं, हा या जातीचा खरा दोष. ज्याच्या ओट्यावर जागा भरपूर आहे आणि हौसही मोठी आहे त्याने ग्राइंडर वेगळा घ्यावा. बाकीच्यांना एकत्र मशीन पुरून उरतं, फक्त सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात हवं.

खरेदीला जाताना ताज्या बियांचं एक पाकीट सोबत न्या. विक्रेत्याला एकेरी गाळणीतून कॉफी काढायला सांगा, दळण एक खूण बारीक करून पुन्हा काढायला लावा आणि दोन्ही वेळा घड्याळ पाहा. मग लागोपाठ दोन कॅपुचिनो करायला सांगून दुधाचं भांडं स्वतः उघडून धुऊन पाहा. एवढ्याला जे दुकान नाही म्हणेल, तिथून मशीन घेऊ नका.