सावद्याच्या उन्हातलं योगाचं माप

वैशाखात खान्देशातल्या सावद्याच्या शिवारात केळीची कापणी उजाडायच्या आत सुरू होते. ऊन चढायच्या आधी निम्मं काम उरकलं पाहिजे. कापणारा घड सोडवतो, वाहणारा तो चुंबळीवर घेऊन बांधावरच्या गाडीपर्यंत नेतो. एकेक घड वीस किलोच्या आसपास भरतो, आणि अशा खेपा सकाळभर चालतात. हा माणूस दहा-अकराला घरी येतो, संध्याकाळी मोबाइलवर योगाचा व्हिडिओ पाहतो आणि विचारतो, ‘भाऊ, मी रोज किती सूर्यनमस्कार घालू?’

या प्रश्नाला आयुर्वेदाचा आचार्य वाग्भट याने उलट प्रश्न केला असता, दिवसभरात तुझी शक्ती खर्च किती झाली? सातव्या शतकाच्या आसपासच्या त्याच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात व्यायामाचा नियम अगदी थोडक्यात आहे. सशक्त आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही थंडीत आणि वसंतात निम्म्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. अजीर्ण झालेल्याने, लहान मुलाने, म्हाताऱ्याने आणि वातपित्ताच्या विकारांनी त्रासलेल्याने तो करूच नये. निम्मी शक्ती संपली हे ओळखायचं कसं, तेही जुन्या वैद्यांनी सांगून ठेवलंय. कपाळावर, नाकावर, काखेत घाम येतो, तोंडाला कोरड पडते आणि श्वास तोंडावाटे घ्यावासा वाटू लागतो.

माझ्या मते स्वतःची योगसाधना आखताना कोणतं आसन करायचं यापेक्षा हे माप जास्त मोलाचं आहे. पण खान्देशात ते जसंच्या तसं लागू होत नाही.

आधी घामाचं पाहू. एक लिटर घाम वाळताना शरीरातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत घाम फुटतो तिथेच उडून जातो. कपाळ कोरडं दिसतं, आत मात्र पाणी आणि मीठ झपाट्याने कमी होत असतं. श्रावणातल्या दमट हवेत उलटं घडतं. घाम वाळत नाही, निथळतो, आणि थोड्याच श्रमात माणूस चिंब होतो. म्हणून उन्हाळ्यात घामाची खूण उशिरा दिसते, पावसाळ्यात लवकर. श्वासाची खूण मात्र बाराही महिने खरी बोलते. नाकाने श्वास पुरेनासा झाला, बोलताना वाक्य तुटू लागलं की श्रम हलक्या पातळीच्या वर गेले, हे आजचं व्यायामशास्त्रही मानतं. तेव्हा सावद्यात आसनं करताना तोंड मिटून श्वास घेता येतोय तोवरच पुढे जावं.

दुसरी अडचण पंचांगाची. वाग्भटाच्या ऋतुचर्येत चैत्र-वैशाख म्हणजे वसंत आणि ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म. वसंतात साठलेला कफ वितळतो, म्हणून त्या दोन महिन्यांत व्यायामाची शिफारस आहे. ग्रीष्मात मात्र व्यायाम, ऊन, आंबट-खारट-तिखट वर्ज्य. आता आपल्याकडे वैशाख कसा असतो ते सांगायला नको. महिन्यांची नावं पाहून साधना आखली, तर आग ओकणाऱ्या दिवसांत आपण दंडबैठका काढत बसू. सावद्याचा खरा वसंत माघ-फाल्गुनात येऊन जातो आणि चैत्र लागला की ग्रीष्म सुरू झालेला असतो. ऋतू अंगावरून आणि हवेवरून ओळखावा.

ग्रंथात असा बदल करायचा अधिकार आपल्याला आहे का? तिबेटचा इतिहास पाहिला तर उत्तर मिळतं. रिंचेन झांगपो (९५८–१०५५) या अनुवादकाने जनार्दन नावाच्या भारतीय पंडिताबरोबर ‘अष्टांगहृदय’ तिबेटी भाषेत नेलं. पुढे ‘ग्युद-झी’ म्हणजे चार तंत्रांचा जो ग्रंथ सोवा-रिग्पा या तिबेटी वैद्यकाचा पाया ठरला, त्यात वाग्भटाचा ठसा स्पष्ट आहे. वात, पित्त, कफ तिथे लुंग, ट्रिपा, बेकन झाले. पण ल्हासा ३,६०० मीटरहून उंच, हवा विरळ, थंडी हाडं गोठवणारी. तिबेटी वैद्यांनी नाडीपरीक्षेचं आपलं तंत्र उभं केलं आणि मूत्रपरीक्षेचंही. पहाटेचं मूत्र काडीने घुसळून त्याचा रंग, वाफ आणि बुडबुडे पाहणारा अमची, म्हणजे या पद्धतीचा वैद्य, आजही लडाखमध्ये भेटतो. लुंगचं मूळ त्यांनी आसक्तीत पाहिलं, ट्रिपाचं द्वेषात, बेकनचं अज्ञानात. पाया आपला, घर त्यांच्या हवामानाचं. भारत सरकारने २०१० मध्ये या पद्धतीला कायदेशीर मान्यता दिली. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, म्हणजे ही परंपरा महाराष्ट्रालाही परकी नाही.

लुंग बिघडलेल्या माणसाचं वर्णन कोणत्याही गावात ओळखू येईल. झोप नाही, जीव अस्वस्थ, अंग कोरडं, मन उडालेलं. त्यावर तिबेटी ग्रंथ उबदार जागा, स्निग्ध अन्न आणि जिवाभावाच्या माणसांची सोबत सांगतो. मुलं पुण्याला गेलेली, रात्री डोळा लागत नाही, अशी एखादी आजी पहाटे टीव्हीपुढे जोरजोरात कपालभाती करते, तेव्हा मला काळजी वाटते. तिला तळपायांना तेल, खुर्चीवर बसून सावकाश हालचाली आणि शेजारणीबरोबरचा लांब उच्छ्वासाचा ओंकार जास्त मानवेल. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

सावकाश श्वासाला आधार भक्कम आहे. लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी माणसांवरचा प्रयोग छापला. लॅटिन जपमाळ आणि तिबेटी बौद्धांचा मणिमंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. याच लयीला रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक चांगली काम करू लागते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात २००४ मध्ये लिम्फोमाच्या ३९ रुग्णांवर तिबेटी योग तपासला गेला. झोप सुधारली, चिंता आणि थकव्यात मात्र फरक दिसला नाही. २०१८ मध्ये स्तनकर्करोगाच्या २२७ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात एकूण लाभ तोकडा होता, पण आठवड्यातून दोनदा तरी सराव करणाऱ्यांची झोप चांगली राहिली.

वात-पित्त-कफावरून माणसाची प्रकृती ठरवून साधना आखण्याबाबत मात्र मी सावध आहे. पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ७६ जणांच्या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांचा प्रकृतीशी संबंध तपासला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये पित्त प्रकृतीचा एका जनुकाशी दुवा दाखवला. हे संशोधन महत्त्वाचं आहे आणि ते वाढावं. पण एकाच माणसाची प्रकृती अनेक वैद्यांनी स्वतंत्रपणे पाहिली, तेव्हा निदान बरेचदा जुळलं नाही. मोबाइलवरच्या वीस प्रश्नांनी ‘तुम्ही वात’ असं ठरवून आसनं वाटणं म्हणूनच पटत नाही.

तपासून घेण्याची ही वृत्ती खान्देशाला नवी नाही. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. नौली ही पोटाची योगक्रिया करताना आत काय घडतं, हे त्यांनी बडोद्यात क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासलं. मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो, हे त्यांना आढळलं. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघू लागलं.

त्या केळी वाहणाऱ्या भाऊला आता उत्तर देता येतं. उन्हाळ्यात सूर्यनमस्कार नकोत, त्याची निम्मी शक्ती बागेतच संपते. आधी पाणी आणि चिमूटभर मिठाचं ताक. सूर्य कलल्यावर मकरासन, पाय भिंतीला टेकवून पडणं, सावकाश श्वास आणि शवासन, एवढंच. दिवसभर गादीवर बसून हिशेब पाहणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र माघात पहाटे नमस्कार घालावेत, श्वास नाकात असेपर्यंत.

ऋतू पालटताना घाई नको. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्याचे पहिले सात दिवस वाग्भट ऋतुसंधी मानतो. त्यात जुनी सवय थोडी थोडी सोडायची, नवी थोडी थोडी धरायची. उन्हाला सरावायला शरीरालाही एक ते दोन आठवडेच लागतात. या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तेव्हा होळीच्या सुमारास, दुपार तापू लागली की, रोज एक-दोन नमस्कार कमी करत दोन आठवड्यांत शवासनाचा वेळ वाढवत न्यावा. दिवाळीनंतर पहाटेचा गारवा आला की त्याच चालीने उलट यावं.