मेळघाटात दोन दिवस : डुक्कर, कास आणि पाणी



ऊस विकास विभागाचा अभ्यास दौरा म्हटला की आपल्याला पाडेगावचे संशोधन केंद्र आठवते, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आठवते, नाहीतर कोल्हापूर-सांगलीकडचे शंभर टनी प्लॉट. यंदा आम्ही अठरा सभासदांना घेऊन मेळघाटच्या जंगलात गेलो. 'जंगलात कोणता प्लॉट पाहायला नेता साहेब?' असे पुष्कळांनी विचारले. काहींनी चेष्टाही केली. म्हणून दौरा का निघाला ते आधी सांगितले पाहिजे.

भाद्रपदात आमच्या गट ऑफिसात एक मोठी खडाजंगी झाली. बेणेमळ्यालगतच्या दोन एकर उसात रानडुकरांचा कळप शिरला आणि तीन रात्रींत अर्धा प्लॉट आडवा झाला. ज्यांचा ऊस गेला ते सभासद वयाने मोठे, बोलायला फटकळ. त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितले, "साहेब, वाघाले जंगल देलं, डुकराले आमचं वावर देलं. आता आमाले काय ठेवलं? मी तं बंधाऱ्यावर तार लावून करंट सोडतो." दोघाचौघांनी माना डोलावल्या. आम्ही हात जोडून म्हटले, तेवढे करू नका. तारेला कळत नाही की डुक्कर आले की शेजाऱ्याचे पोरगे आले. अशा तारेने माणसे गेल्याच्या बातम्या दरसाल पेपरात येतात आणि लावणाऱ्यावर खटला होतो तो वेगळाच. त्यावर ते म्हणाले, "मंग एकडाव ते जंगल तरी दाखवा, ज्याच्यापायी हे सारं चाललं." संचालक मंडळाने गाळप हंगामाआधी दोन दिवस मंजूर केले. कारखान्याची एक गाडी, दोन क्रूझर भाड्याच्या, आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

परतवाडा सोडून धारणी रस्त्याला लागलो की घाट सुरू होतो. सहावीच्या भूगोलात आपण पावसाची जंगले शिकलो, ॲमेझॉनची आणि काँगोची. बाराही महिने हिरवी आणि ऊन जमिनीला न लागणारी. मेळघाट तसला नव्हे. हे पानझडीचे, सागाचे जंगल. पावसाळ्यात असे दाट की वीस पावलांवरचे जनावर दिसत नाही, आणि चैत्रात असे उघडे की डोंगराच्या फासळ्या मोजाव्यात. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बांबू. १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता आणि महाराष्ट्रातला तो पहिला. त्याच्या पोटातले गुगामल राष्ट्रीय उद्यान १९८७ चे, क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटर. इतक्या जवळ असून आमच्या अठरांपैकी अकरा जणांनी चिखलदऱ्याच्या पलीकडचे जंगल पाहिले नव्हते. मेळघाट म्हटले की आपल्याला पेपरातले कुपोषण तेवढे माहीत.

सेमाडोहला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे वनखात्याच्या गाडीतून आत गेलो. वाटाड्या कोरकू तरुण, विशीबाविशीचा. वाघाला ते लोक 'कुला' म्हणतात आणि त्याला देव मानतात. आम्हाला कुला दिसला नाही. चिखलात त्याच्या पंज्याचा ठसा तेवढा दिसला आणि त्याभोवती आमची मंडळी एखाद्या प्रदर्शनातल्या मोठ्या भोपळ्याभोवती जमावी तशी जमली. गवे मात्र दिसले, सात. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, काळाभोर, आपल्या बैलाच्या दीडपट नर रस्त्यात उभा राहिला आणि गाडीत एकदम शांतता झाली. एरवी गव्हाणीवर वळू पाहून किंमत बोलणारी माणसे ही!

पण आम्ही पोटासाठी ऊसवाले. आमचे डोळे जनावरापेक्षा जमिनीवर जास्त. एका ठिकाणी उतरायची परवानगी होती तिथे आम्ही सागाखालचा पाला हाताने बाजूला केला. वर यंदाची पाने, त्याखाली गेल्या सालची अर्धी कुजलेली जाळी, त्याखाली काळी, भुसभुशीत, ओलसर माती. मुठीत दाबली तर ढेकूळ व्हावे आणि बोटाने टोचले तर फुटावे. पाऊस थांबून चार दिवस झाले होते. ही जमीन कुणी नांगरली नाही, युरिया टाकला नाही, पाणी दिले नाही. पाला पडला आणि कुणी जाळला नाही, एवढेच. आम्ही पंधरा वर्षे गावोगाव सांगत आलो की पाचट पेटवू नका, हेक्टरी आठ-दहा टन पाचट म्हणजे तुमच्या घरचे खत आहे, खोडव्यात सरीआड सरी दाबा. ऐकून घेतात आणि रात्री काडी लावतात. त्या सागाखाली मात्र आम्हाला एक शब्द बोलावा लागला नाही. एक सभासद माती हुंगून म्हणाले, "हे तं आपल्या वावरात बी होऊ शकते ना!" वाटाड्याने सांगितले की फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून कुणी झाडाखाली आग लावतो, वारा सुटतो आणि डोंगरच्या डोंगर जळतो. म्हणून खाते दरसाल जाळरेषा काढते. म्हणजे काडी लावायची खोड सगळीकडे सारखीच.

तिथून कोलकास. खाली सिपना वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीच्या पात्रात, वाळूच्या कडेने, पांढरे तुरे डुलत होते. कास. आपल्या काळ्या वावरातले हे सगळ्यात चिवट तण, याच्यापायी आपल्या आजोबांनी कुदळीने जमीन खणली. एक सभासद उपहासाने म्हणाले, "घ्या, कांस पाहाले एवढ्या दूर आलो." आम्ही त्यांना थांबवले, कारण इथे आमच्या बोलण्याची पाळी होती.

हे गवत उसाचे सख्खे नातलग आहे. शास्त्रीय नावात दोघांचे कूळ एकच. पूर्वीचा जाड, रसाळ ऊस गोड होता पण नाजूक. रोगाला आणि थंडीला टिकत नसे. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले आणि तिथे बार्बर व वेंकटरामन यांनी वेल्लाई नावाच्या जाड उसाचा संकर रानातल्या कासाशी केला. त्यातून 'को २०५' हे वाण निघाले आणि १९१८ साली पंजाबच्या शेतकऱ्यांना मिळाले. त्यानंतरच्या 'को' वाणांत कासाचे रक्त आहे. तुमच्या शेतातल्या को ८६०३२ मध्येही आहे. पाण्याचा ताण पडला तरी ऊस उभा राहतो, फुटवा धरतो, खोडवा देतो, तो गुण या तणाकडून आला.

कोइमतूरलाच १९३४ पासून काही वर्षे जानकी अम्माल नावाच्या केरळच्या बाईंनी उसाच्या संकरावर मोठे काम केले. म्हातारपणी याच बाई केरळातले सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवण्यासाठी उभ्या राहिल्या. ते मात्र खरे पावसाचे जंगल, सदाहरित. तिथे कुंतीपुळा नदीवर वीजप्रकल्पाचे धरण होणार होते. १९८३ मध्ये तो बेत सोडून दिला गेला आणि पुढच्या साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. बाई त्याच साली फेब्रुवारीत वारल्या, उद्यान झालेले त्यांनी पाहिले नाही. हे सांगून झाल्यावर आमचे ते फटकळ सभासद खाली उतरले आणि कासाचा एक तुरा मुळासकट उपटून धोतराच्या सोग्यात बांधू लागले. वनरक्षकाने तो परत ठेवायला लावला. उद्यानातून काडीसुद्धा न्यायची नाही, हा नियम आहे. "बेणं बी नेऊ देत नाई," म्हणून ते गाडीत पुटपुटत बसले.

डुकराचा विषय त्याच वनरक्षकाकडे काढला. तो म्हणाला, "साहेब, तुमची डुकरे आमच्याकडून रोज जात नाहीत. ती तुमच्याच उसात राहतात, तिथेच वितात." हे आम्हाला नवीन नव्हते, पण सभासदांच्या तोंडावर आम्ही ते कधी बोललो नव्हतो. ऊस दहा-अकरा महिने दाट उभा, पाणी जवळ, खायला आत, शिकारी जनावर नाही. डुकराला याहून काय हवे? पुणे-नगरकडे बिबटे असेच उसात राहिले आहेत. जंगलात निदान वाघ पिल्ले उचलतो. तेव्हा नाल्याकाठची झुडपे साफ ठेवणे, सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून राखण करणे आणि परवडेल त्याने सौर कुंपण करणे एवढेच उपाय हाती आहेत. नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत पडलेला ऊस हलवू नका. गेल्या साली आपल्या गटातले पाच अर्ज निव्वळ उशिरामुळे गेले.

परतताना चिखलदऱ्याहून उतरलो. गाविलगडच्या कड्यावरून दोन्ही बाजू दिसतात. उत्तरेकडचे पाणी खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्यांनी तापीला जाते. दक्षिणेच्या उतारावरून सापन, चंद्रभागा, शहानूर खाली येतात, पश्चिमेला वान, आणि या साऱ्या पूर्णेला मिळतात. आपण या दुसऱ्या बाजूचे लोक. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा; तिथे शंभर फूट खणा की दोनशे, पाणी खारेच. गोडे पाणी जे येते ते या डोंगरातून. शहानूरच्या धरणावर उभे राहिलो तेव्हा अंजनगाव-दर्यापूरकडचे सभासद म्हणाले, "आमचं प्याचं पाणी हेच."

इथे एक कबुली दिली पाहिजे. आठ वर्षांपूर्वी खारपाणपट्ट्याच्या कडेच्या एका गावात आम्हीच एका सभासदाला ऊस लावायला सांगितले. टनेज वाढवायचे होते. विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला पाठवला नाही. लागण बरी आली, खोडवा पिवळा पडला, तिसऱ्या साली जमिनीवर पांढरी खपली आली. ते शेत अजून पूर्ववत नाही. ते सभासद या दौऱ्यात होते. धरणावर आमच्याशेजारी उभे होते, काही बोलले नाहीत.

शेवटी अकोटजवळ एका पुनर्वसित गावात थांबलो. बोरी, कोहा, कुंड ही गावे २००० नंतर जंगलातून उठून खाली आली, पुढे आणखी आली. सगळे सुखाने झाले असे नाही. जानेवारी २०१९ मध्ये खाली आलेल्या काही गावांतली माणसे परत जंगलात गेली आणि तिथे पोलिसांशी आणि वनखात्याशी झटापट झाली. आम्ही थांबलो तिथला एक म्हातारा बाबा बाजेवर बसला होता. आधी जमीन कशी आहे ते सांगितले, मग मोह आठवला. मग त्याने आम्हालाच विचारले, तुमचा ऊस पाणी किती पितो? सुरू उसाला सरीवरंब्याने अडीचशे हेक्टर-सेंटिमीटर लागते, आपल्याकडचा सगळा पाऊस धरला तर सत्तर-ऐंशी सेंटिमीटर. आम्ही त्याला सोपे करून सांगितले की आभाळातून पडते त्याच्या तिप्पट. तो थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला. त्याने गाव सोडले ते जंगलासाठी. त्या जंगलातून जे पाणी खाली येते ते आपण पाटाने सोडून देतो आणि रात्री झोपी जातो. ठिबकवर तोच ऊस जवळपास निम्म्या पाण्यात येतो, हे आमच्या बेणेमळ्यात तुम्ही पाहिले आहे.

गाडीत कुणी फारसे बोलले नाही. अकोटला चहा झाला तेव्हा मात्र उसाच्या पहिल्या हप्त्यावरून नेहमीचा वाद सुरू झाला आणि तो घर येईपर्यंत टिकला.

पुढच्या सोमवारी आमचे ते फटकळ सभासद गट ऑफिसात आले. करंटची तार विकून टाकली म्हणाले. ठिबकचा अर्ज मागितला, सौर कुंपणाचा भाव विचारला. भाव ऐकून अर्जाची घडी केली, खिशात घातली आणि "पाहू" म्हणून गेले. अर्ज अजून आलेला नाही. ठिबकचे अर्ज सर्व गट ऑफिसांत ठेवले आहेत. विहिरीच्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत, गट नंबर लिहून, चिटबॉयजवळ द्यावा.