बॅटरीची शिदोरी

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेस, अरबी समुद्राच्या काठी, उत्तन हे मच्छीमारांचे गाव आहे. लाकडी होडी दुरुस्त करायची, तर जाड फळ्यांत भोके पाडावी लागतात. भोक वाकडे गेले, तर फळी नीट बसत नाही व फटीतून पाणी आत शिरते. पूर्वी हे काम हातगिरमिटाने होई. जेथे विजेची तार पोहोचत नाही, तेथे आता बॅटरीवर चालणारे ड्रिल उपयोगी पडते.

मुलांनो, यंत्राची शक्ती आणि बॅटरीतील ऊर्जा यांत भेद आहे. काम किती झपाट्याने होते, हे शक्तीवरून कळते. ते किती वेळ चालेल, हे साठविलेल्या ऊर्जेवर ठरते. समजा, बॅटरी १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांची आहे. १८ × ५ = ९०, म्हणजे ९० वॅट-तास एवढीच तिची शिदोरी! कठीण लाकडात रुंद भोक पाडताना यंत्राने सतत ४५० वॅट शक्ती घेतली, तर ती अवघ्या १२ मिनिटांत संपेल.

यंत्र फार रेटले, तर त्याची गती मंदावते, वीजप्रवाह वाढतो आणि मोटर व बॅटरी दोन्ही तापतात. म्हणून जाणता सुतार धारदार पाते लावतो, जड कामास कमी वेग व अधिक पीळ निवडतो, मधूनमधून भुसा काढतो आणि दुसरी भारलेली बॅटरी जवळ बाळगतो.

हत्याराचे बळ ओळखावे, तशी त्याची मर्यादाही ओळखावी. त्यातच खरे कौशल्य आहे.