सात वर्षांनंतरची परीक्षा

गेल्या वैशाखात एके दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या मातोश्रींना घेऊन घरी आली. आमच्या बेळगावातीलच मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंब. मुलगी शाळेत असल्यापासून हुशार. पुढे तिने ईश्वरविज्ञान हा विषय निवडला, आणि आता त्यात डॉक्टरेट करण्याचा तिचा मानस होता. आई मात्र त्रासलेल्या. ‘‘सर, तुम्हीच सांगा हिला. तीस पुरी झाली. अजून किती शिकायचं माणसानं?’’

प्रश्न रास्त होता. मी उत्तर द्यायचे टाळून चहा मागवला आणि मुलीकडूनच सगळे समजावून घेतले.

कॅथलिक परंपरेतील या शिक्षणाचे नियम रोमहून ठरतात. पोप फ्रान्सिस यांनी 2017 च्या अखेरीस काढलेल्या नियमावलीत ते नव्याने मांडले आहेत. अभ्यासाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पाच वर्षांची. तत्त्वज्ञानाचा दोन वर्षांचा अभ्यास आधी स्वतंत्रपणे झाला असेल तर तीन वर्षांची. दुसरी दोन वर्षांची. तिच्या शेवटी ‘लायसेन्शिएट’ ही पदवी मिळते. म्हणजे सात वर्षे सरली की माणूस डॉक्टरेटच्या नुसत्या उंबऱ्याशी येतो! यासाठी आता रोमलाच जावे लागते असे नाही; 1893 मध्ये कँडी येथे सुरू झालेले आणि 1955 साली पुण्यात आलेले विद्यापीठ आज ‘ज्ञानदीप’ या नावाने तेथे उभे आहे.

मातोश्रींना दिलासा द्यावा म्हणून मी इतिहासाचा आधार घेतला. पॅरिसच्या विद्यापीठात 1215 साली असा दंडक होता की, निदान आठ वर्षे अभ्यास केल्यावाचून आणि वयाची पस्तिशी गाठल्यावाचून कोणीही ईश्वरविज्ञानाचा आचार्य म्हणून शिकवू नये. थोर पंडित थॉमस अक्वायनस यांना 1256 मध्ये ते पद मिळाले ते एकतिशीच्या सुमारास, आणि तेही वयाची सूट देऊन. मातोश्रींनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, ‘‘त्यांना लग्न करायचं नव्हतं, सर.’’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

या पदवीचा मूळ अर्थ ‘शिकविण्याचा अधिकार’ असा आहे. मार्टिन ल्यूथरला ती विटेनबर्ग येथे ऑक्टोबर 1512 मध्ये मिळाली, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. पदवीचा पन्नास गिल्डरांचा खर्च तेथील इलेक्टर फ्रेडरिकने उचलला. अट एवढीच की, ल्यूथरने त्या विद्यापीठात बायबल जन्मभर शिकवावे. पुढे पोपशी त्याचे वितुष्ट आले, तेव्हा आपण बोलतो ते डॉक्टर म्हणून घेतलेल्या शपथेमुळे, असे तो वारंवार सांगे. आपल्याकडे पदवी मिळाली की नावाची पाटी बदलते; तिथे माणसाच्या गळ्यात जबाबदारी पडत असे.

आजच्या अटीही वरवरच्या नाहीत. प्रबंधाने त्या शास्त्रात खरोखरीची भर घातली पाहिजे, तो मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली लिहिला पाहिजे, चारचौघांसमोर त्याचे समर्थन करता आले पाहिजे आणि त्याचा निदान मुख्य भाग तरी छापला गेला पाहिजे. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. कपाटात धूळ खात पडलेला प्रबंध किती निरुपद्रवी असतो हे मी जाणतो. माझे स्वतःचे अपुरे बाड आजही तसेच पडून आहे.

एक गोष्ट मी तिला स्पष्ट सांगितली. पोपच्या अधिकाराने मिळणारी पदवी आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार मिळणारी पीएच.डी. या वेगळ्या गोष्टी आहेत. आयोगाचे 2022 चे नियम निराळे. त्यांत निदान तीन वर्षे व सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत आहे. सरकारमान्य महाविद्यालयात नोकरीचा विचार असेल, तर आपली पदवी तेथे चालेल का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. मातोश्रींनी हे वाक्य मला दोनदा म्हणावयास लावले.

मग मुलीने आपला विषय सांगितला, आणि ती माझ्याकडे का आली होती ते उमगले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’! 1579 साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा मराठीत गायिली. 1616 मध्ये ती रायतूर येथे रोमन लिपीत छापली गेली. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढे हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापला गेला, आणि लंडनला देवनागरीतील एक हस्तलिखितही आहे. म्हणजे पाठभेद आलेच.

या अभ्यासाला लॅटिन लागते, बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक लागते. ते तिने केले होते. अडत होती ती जुनी मराठी. ‘‘सर, ग्रीक शब्दाला कोश सापडतो, ओवीतल्या शब्दाला कोण?’’ मी वारकरी घरातला, ओवी कानावरची. तरी पहिल्याच बैठकीत तीन शब्दांवर अडलो.

आता दर रविवारी सायंकाळी ती येते. मातोश्री सोबत येतात आणि ओटीवर माझ्या पत्नीशी बोलत बसतात. मागच्या रविवारी एका शब्दावर आमचा वाद चालला असता त्या आतून म्हणाल्या, ‘‘हा शब्द माझी आजी बोलायची की!’’ अर्थही त्यांनीच सांगितला. मुलीने तो वहीत टिपून घेतला, आणि समासात आजीचे गाव लिहिले.