खिंडीतला लाल मनोरा

मुलांनो, नाटक पाहायला आपण शहरातल्या नाट्यगृहात जातो. पण जिथे झाडही वाढत नाही, अशा उंच खिंडीत कोणी नाट्यगृह बांधले तर? स्वित्झर्लंडमध्ये तसे खरोखरच घडले.

आल्प्स पर्वतात युलिअर नावाची खिंड आहे. तिची उंची २,२८४ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, यावरून कल्पना करा! रोमन लोकांच्या काळापासून ही वाट वापरात आहे. येथे २०१७ साली सुमारे ३० मीटर उंचीचा लाकडी मनोरा उभा राहिला. तोही लालभडक! ही कल्पना ओरिजेन या नाट्यसंस्थेचे संस्थापक जिओव्हान्नी नेट्झर यांची.

थंडीवाऱ्यात वर बसून सुतारकाम किती दिवस करणार? म्हणून लाकडाचे मोठमोठे तक्ते आधीच तयार करून घेतले आणि खिंडीत नेऊन फक्त जोडले. तिथला वारा तर भिंतच उलथवून टाकील असा. त्यासाठी दहा पंचकोनी बुरूज गोलाकार उभे करून एकमेकांना जोडले. मधल्या मोकळ्या जागेत रंगमंच टांगलेला होता. तो वर-खाली सरकवता येई. प्रेक्षक सभोवती मजल्यामजल्यांवर बसत. मोठ्या खिडक्यांतून बाहेरचे डोंगरही दिसत. असे नेपथ्य कोणता चित्रकार रंगवणार?

बाबिलच्या मनोऱ्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या गोष्टीत भाषा वेगवेगळ्या झाल्या आणि माणसे दुरावली. नेट्झर यांच्या मनात हीच गोष्ट होती. कारण ही खिंड ज्या ग्राउबुंडन प्रांतात आहे, तिथे जर्मन, इटालियन आणि रोमान्श अशा तीन भाषा चालतात. रोमान्श बोलणारे एक लाखही नाहीत. घरची भाषा एक, शाळेत शिकायची दुसरी, हा अनुभव तिथल्या मुलांनाही आहे. तुम्हांला तो वेगळा सांगायला नको.

हा मनोरा कायमचा नव्हता. परवानगीच ठरावीक मुदतीची होती. मुदत संपल्यावर डोंगर पूर्वीसारखा मोकळा करून द्यायचा, अशी अट. लाकूड निवडण्याचा फायदा इथे दिसला, कारण जोडलेले तक्ते सुटे करता येतात. लोकांना मनोरा आवडू लागला होता, तरी २०२३ साली तो उतरवण्यात आला. आता खिंडीतून जाणाऱ्याला तिथे पुन्हा दगड, गवत आणि वारा एवढेच भेटते.